पोलिसाच्या मनाची विचारपूस



मठाचा वर्धापनोत्सव म्हटला की पालखी, दीपोत्सव, कीर्तन, महाप्रसाद आणि दूरदूरच्या गावांहून लोटणारा भक्तसमुदाय हे सारे ओघानेच आले. अशा सोहळ्यांची वर्णने स्मरणिकांतून पुष्कळ छापली जातात. परंतु त्या वर्णनांत सहसा न आढळणारा एक मनुष्य प्रत्येक उत्सवाला न चुकता हजर असतो. महाद्वाराच्या एका अंगाला, तळीच्या काठाशी किंवा वाहने अडवून धरलेल्या वळणावर तो पहाटेपासून उभा असतो. पालखी समोरून गेली तरी त्याला हात जोडण्याची सवड नसते; कारण त्याची दृष्टी देवाकडे नव्हे, तर गर्दीकडे असावी अशीच त्याला आज्ञा असते. चतुर्थीला त्याच्याही घरी गणपती येतो. आरतीच्या वेळी मात्र तो दुसऱ्याच कोणाच्या तरी मिरवणुकीपुढे चालत असतो. आजच्या भाषणाचा विषय हा मनुष्य, म्हणजे बंदोबस्तावरचा पोलीस, आणि विशेषेकरून त्याचे मन, हा आहे.

उत्सवाच्या मंगल प्रसंगी असा विषय कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. २०२५ च्या मे महिन्यात गोव्यातील शिरगाव येथे श्री लइराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेनंतर चौकशी होते, जबाबदारी निश्चित होते, मृतांच्या कुटुंबांना साहाय्य मिळते. आणि हे सर्व व्हावयासच पाहिजे. पण ज्याने गर्दीतून निश्चेष्ट देह उचलून बाहेर आणला, तो शिपाई दुसऱ्या दिवशी कोठे असतो? तो दुसऱ्या बंदोबस्तावर असतो. त्याला रात्री झोप लागली काय, हा प्रश्न कोणत्याच नोंदवहीच्या रकान्यात नसतो.

पोलिसाच्या श्रमाची कथा कायद्याच्या एका कलमापासून सुरू होते. १८५७ च्या उठावानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, ब्रिटिश सरकारने पोलीस कायदा केला. त्याच्या २२ व्या कलमात असे सांगितले आहे की, प्रत्येक पोलीस अंमलदार सदैव कामावर आहे असे समजले जाईल. स्वातंत्र्योत्तर काळात राज्यांनी आपापले कायदे केले, तरी ही कल्पना सुटली नाही. मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यात ती २८ व्या कलमात आली आणि आजच्या महाराष्ट्रातही ती तशीच आहे. कलमाचा मूळ हेतू वाजवी होता. सुट्टीवरच्या शिपायासमोर चोरी झाली तर 'आज माझा वार नाही' असे म्हणून त्याने पुढे जाऊ नये आणि त्याला चोर पकडण्याचा अधिकार असावा, एवढाच तो हेतू. परंतु 'समजले जाईल' या कायद्यातील मानीव गोष्टीचे हळूहळू वस्तुस्थितीत रूपांतर झाले. अधिकारासाठी लिहिलेले वाक्य हजेरीपत्रकात जाऊन बसले.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहावयाचा तर हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने केंद्रीय पोलीस संशोधन व विकास ब्यूरोसाठी केलेली आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेली पाहणी उघडावी. देशातील पोलीस ठाण्यांत काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ ९० टक्के लोक दररोज आठ तासांहून अधिक काम करतात, आणि सुमारे ७४ टक्क्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असे तीत आढळून आले. 'साप्ताहिक' या शब्दाची याहून क्रूर थट्टा क्वचितच झाली असेल. पुढे २०१९ साली 'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती' या संस्थांनी केलेल्या पाहणीत पोलिसाच्या कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा भरला, आणि चारांपैकी तिघांनी कामाच्या ओझ्याने आपल्या शरीरावर व मनावर परिणाम होत असल्याचे सांगितले. गिरणीतला कामगार निदान संघटना करून दाद मागू शकतो. पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर १९६६ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. सशस्त्र दलाला संप करू द्यावा असे कोणीही म्हणणार नाही. पण ज्याला मोठ्याने बोलण्याची मनाई आहे त्याचे हळू बोलणे तरी कोणी ऐकावयास नको काय?

ही झाली वेळेची गोष्ट. त्या वेळात तो काय पाहतो, ही गोष्ट वेगळी आहे. सामान्य माणूस आयुष्यात अपघाती मृत्यू एकदोनदाच जवळून पाहतो, आणि तेवढ्यानेही त्याचे अन्नपाणी सुटते. ठाण्यातल्या हवालदाराला अकस्मात मृत्यूचा पंचनामा हे नित्यकर्म असते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमान्वये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमान्वये तो त्याला करावा लागतो. विहिरीतून काढलेला, रुळांवरून गोळा केलेला, बंद घरात चार दिवस राहिलेला देह, त्याच्या जखमांची लांबीरुंदी मोजून, अंगावरच्या कपड्यांचा रंग लिहून, त्याला शुद्ध व स्पष्ट भाषेत कागदावर उतरवावा लागतो. वर्णन जितके बारकाईने करावे तितके ते डोळ्यांत राहते. नंतर त्याच हाताने डबा उघडावयाचा असतो.

याहून नाजूक काम स्त्री-अधिकाऱ्यांकडे आले आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्याने बालकाचा जबाब शक्यतोवर फौजदार किंवा त्यावरील दर्जाच्या स्त्रीने, गणवेष न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा असे ठरविले. कायदा मुलाच्या दृष्टीने अतिशय सुज्ञ आहे. पण विचार करावा, की ती फौजदारीणबाई गणवेषाशिवाय, म्हणजे आपले कवच काढून, त्या मुलीसमोर बसते. मुलगी बोलेल तितका वेळ ऐकते. शब्द न शब्द लिहून घेते. आणि घरी परतते तेव्हा तिच्या स्वतःच्या मुलीने दार उघडलेले असते. तिच्याकडून त्या दिवशीचे काय आणि कसे उतरवून घ्यावे, हे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही.

आणि तरीही, या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट निरनिराळ्या देशांत पुनःपुन्हा आढळली आहे. पोलिसाला सर्वांत अधिक पोखरते ते पुष्कळदा प्रेत किंवा गुंड नसून त्याचे स्वतःचे खातेच असते. मरणाऱ्याला वाचविता आले नाही याचे दुःख खोल असते खरे, परंतु त्यात अपमान नसतो. बहिणीच्या लग्नासाठी मागितलेली चार दिवसांची रजा साहेबांनी अर्ज न वाचताच फेटाळणे, हजारो लोकांसमोर अर्वाच्य शब्दांत झालेली कानउघाडणी, शाळेच्या मध्येच आलेली बदली, 'कसुरी'चा अहवाल आणि ऑर्डर्ली रूममध्ये ताठ उभे राहून ऐकावयाची शिक्षा, यांत दुःखही असते आणि मानहानीही असते. २०१९ च्या त्याच पाहणीत चारांपैकी एका पोलिसाने वरिष्ठ आपल्या घरची कामे कनिष्ठांकडून करून घेतात असे सांगितले. ज्याने कालपर्यंत दरोडेखोराचा पाठलाग केला त्याला आज साहेबांच्या दारची भाजी आणावी लागली, तर तो संतापतो कोणावर? साहेबांवर संतापता येत नाही. मग तो संताप नाक्यावरच्या हातगाडीवाल्यावर निघतो, फिर्याद घेऊन आलेल्या म्हातारीवर निघतो, किंवा घरी बायकोमुलांवर निघतो. पोलीस ठाण्याची पायरी चढताना सामान्य नागरिकाच्या छातीत जी धडधड होते तिचे मूळ पुष्कळ वेळा असे एक-दोन पायऱ्या वर असते. म्हणून हा विषय केवळ पोलिसांच्या कल्याणाचा नाही. ज्यांना कधी काळी ठाण्यात जाऊन फिर्याद द्यावी लागणार आहे, अशा सर्वांच्या कल्याणाचा तो आहे.

शरीरही या हिशेबातून सुटत नाही. २०११ साली उत्तर अमेरिकेतील सुमारे पाच हजार पोलिसांची निद्रेसंबंधी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ४० टक्क्यांना निद्रेचा कोणता ना कोणता विकार असल्याची चिन्हे दिसली. न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरी जॉन व्हायोलान्टी या संशोधकाने, जो पूर्वी स्वतः वीसहून अधिक वर्षे पोलिसात होता, पोलिसांच्या रक्तदाबाचा, हृदयाचा व मनाचा वर्षानुवर्षे एकत्र अभ्यास चालविला. आपल्याकडे पाळी संपल्यावर पुष्कळांना झोपेसाठी बाटलीचा आधार घ्यावासा वाटतो, हे कोणत्याही पोलीस वसाहतीतील गृहिणी सांगेल. मद्याने डोळा लागतो, पण गाढ झोप मोडते; मग दुसऱ्या रात्री थोडे अधिक लागते. या रीतीने एका रोगाचे दोन होतात.

एवढे सगळे असून पोलीस बोलत का नाही? याची कारणे तीन-चार असली तरी त्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. पोलिसाने रडावयाचे नसते, ही समजूत भरतीच्या मैदानावरच अंगात मुरविली जाते. शिवाय तो बोलला तर त्याच्या सेवापुस्तकात 'वेडा' असा शिक्का पडेल, बढती अडेल, चांगल्या शाखेतून नियंत्रण कक्षात बदली होईल, ही भीती असते, आणि ती सर्वस्वी खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणीही करू नये. शस्त्राचा प्रश्न तर अधिकच अवघड. ज्याच्या मनात स्वतःच्या जीविताविषयी निराशेचे विचार घोळत आहेत त्याच्या हाताशी भरलेले पिस्तूल असणे धोक्याचे, हे उघड आहे. कारण अशी लाट बहुधा थोड्या वेळाची असते आणि साधन दूर असले तर ती ओसरते. पण शस्त्र काढून घेणे ही पोलिसाच्या जगात नामुष्की समजली जाते. तेव्हा शस्त्र जाईल या भीतीने तो बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून शस्त्र जवळ राहते. हा पेच सोडविण्याचा मार्ग एकच दिसतो. दुखावलेल्या पायाच्या शिपायाला जसे काही दिवस बसून करावयाचे काम देतात व त्याविषयी कोणी कुजबुजत नाही, तसेच मनाच्या दुखण्यातही कामाची तात्पुरती अदलाबदल व्हावी, तिची मुदत ठरलेली असावी, आणि बरा झाल्यावर त्याचे शस्त्र त्याच्या हाती सन्मानाने परत द्यावे.

कायद्यानेही या बाबतीत मोठे वळण घेतले आहे. १८६० च्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवीत असे. म्हणजे खचलेला शिपाई मरणातून वाचला तर त्याच्याच ठाण्यातील सोबत्याने त्याच्यावर गुन्हा नोंदवावयाचा, अशी ती विपरीत व्यवस्था होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्यास आणि त्याची शुश्रूषा करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकण्यास सुरुवात केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखे सर्वसाधारण कलम उरले नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते तेवढे एक निराळे कलम ठेवले आहे. त्याच २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. या गोष्टी ठाण्याठाण्यांत पोलिसांना समजावून सांगितल्या जाव्यात. कायदा अमलात आणणाऱ्यालाच आपल्या बाजूचा कायदा ठाऊक नसावा, हे बरे नव्हे.

आता उपायांकडे वळण्यापूर्वी एका शब्दाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. या कामाला मराठीत 'समुपदेशन' म्हणतात. शब्द रूढ झाला असून तो टाळता येणार नाही. परंतु त्याच्या पोटात 'उपदेश' बसला आहे आणि त्यामुळे फार घोटाळा होतो. समुपदेशन म्हणजे कोणीतरी विद्वान येऊन धीर धरण्याचा, व्यसने सोडण्याचा व कर्तव्य करण्याचा उपदेश करणार, असे शिपायाला वाटते. उपदेश त्याला रोज हजेरीच्या वेळी भरपूर मिळतो. ज्याची त्याला उणीव आहे ती विचारपूस. हा जुना घरगुती शब्द या कामाच्या अधिक जवळ जातो. त्यात आधी विचारणे आहे, आणि मग पुसणे आहे.

अशा प्रसंगी गीतेचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो बहुधा उलट्या टोकाने दिला जातो. म्हणजे खचलेल्या योद्ध्याला भगवंतांनी कसे उभे केले, तेवढेच सांगितले जाते. परंतु पहिला अध्याय पुन्हा उघडून पाहावा. त्यात श्रीकृष्ण जवळजवळ बोलतच नाहीत. अर्जुनाच्या अंगाला कंप सुटतो, तोंड कोरडे पडते, धनुष्य हातातून गळते; तो आपले सगळे म्हणणे, त्यातील विसंगतींसह, शेवटपर्यंत सांगून टाकतो, आणि सारथी रथ उभा करून ऐकत राहतो. त्यानंतर पुढचे अध्याय आहेत. गोमंतकातील श्रोत्यांना आणखी एक जवळचे उदाहरण देता येईल. कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेल्या आबे फारियाने पॅरिसमध्ये संमोहनविद्येची प्रात्यक्षिके केली, तेव्हा इतर लोक प्रयोग करणाऱ्याच्या अंगातील चुंबकशक्तीच्या गोष्टी सांगत होते. फारियाने सांगितले की, शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातात नाही. जे घडते ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडते. पणजीतील त्याच्या पुतळ्यात त्याचे पसरलेले हात जादूगारासारखे दिसतात, हा केवळ शिल्पकाराचा नाट्यगुण होय.

पोलिसांच्या मानसिक साहाय्याला विदेशांत पद्धतशीर प्रारंभ होऊन आता साठ वर्षे होत आली. १९६८ साली लॉस एंजेलिसच्या पोलीस दलाने मार्टिन रायझर या मानसशास्त्रज्ञाला पूर्ण वेळ नेमले. अमेरिकेतील कोणत्याही पोलीस खात्यात अशी ती पहिलीच नेमणूक होती. पुढच्या काळात काही चुकीच्या वाटाही धरल्या गेल्या आणि त्यांचा उल्लेख आवश्यक आहे, कारण आपल्याकडे त्या वाटा आज नव्या म्हणून आणल्या जाण्याचा संभव आहे. १९८३ साली जेफ्री मिचेल याने भीषण घटनेनंतर सर्वांना एकत्र बसवून घडलेले सविस्तर बोलावयास लावण्याची पद्धत मांडली. ती फार लोकप्रिय झाली. परंतु पुढे पुष्कळ प्रयोग एकत्र तपासले असता असे दिसले की, सर्वांवर सक्तीने एकदाच केलेल्या अशा उजळणीने नंतरचा मनोविकार टळत नाही, काहींना तर ती जाचते. ओली जखम वारंवार उघडून पाहण्यासारखेच ते झाले. हल्लीचा कल साध्या प्रथमोपचाराकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्याची पुस्तिका काढली. तिचे सार तीन क्रियापदांत आहे: पहा, ऐका, जोडून द्या. खायला-प्यायला मिळाले का, घरी कळविले का, झोपावयास जागा आहे का, हे पाहावे. तो बोलेल तर ऐकावे, न बोलेल तर छेडू नये. आणि पुढे गरज पडली तर कोणाकडे जावयाचे ते दाखवून द्यावे.

सर्वांत बोलका दाखला कॅनडातील माँट्रियल शहराचा आहे, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. तेथील पोलीस दल सुमारे चार हजारांचे. दलातील आत्महत्यांनी चिंतित होऊन १९९७ साली तेथे एक उपक्रम सुरू झाला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'जगण्यासाठी सारे मिळून' असा होतो. त्यात अद्भुत असे काहीच नव्हते. दलातील प्रत्येकाला अर्ध्या दिवसाचे शिक्षण दिले: खचलेल्या सोबत्याची चिन्हे कशी ओळखावी, त्याच्याशी कसे बोलावे, आणि 'तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का' हे स्पष्ट शब्दांत कसे विचारावे. असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारा भेटला याचाच धीर वाटतो. वरिष्ठांना आणि संघटनेच्या प्रतिनिधींना पूर्ण दिवसाचे शिक्षण दिले. पोलिसांनीच पोलिसांसाठी चालविलेली गुप्त दूरध्वनी-सेवा उघडली. आणि भित्तिपत्रके, पत्रके यांच्या द्वारे या सर्वांची माहिती दलभर पसरविली.

ब्रायन मिशारा आणि नॉर्मां मार्तां या संशोधकांनी २०१२ साली त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. उपक्रमापूर्वीच्या ११ वर्षांत त्या दलातील आत्महत्यांचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला ३०.५ होते, नंतरच्या १२ वर्षांत ते ६.४ वर आले. त्याच काळात क्वेबेक प्रांतातील इतर पोलीस दलांत ते उतरले नाही, थोडे वाढलेच. चार हजारांच्या दलात अशा घटनांची संख्या मुळातच लहान, म्हणून आकड्यांवर फार भार टाकू नये, हे शास्त्रीय सावधपण पाळलेच पाहिजे. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे केवळ एक डॉक्टर नेमून खाते स्वस्थ बसले नाही. शिपाई, साहेब आणि संघटना अशा तिघांनाही एकाच कामाला जुंपले. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. मुख्यालयात एक खोली उघडली जाते, दारावर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लागते, आणि ती खोली नेमकी अशा व्हरांड्यात असते की तेथे कोण शिरला हे साऱ्या कचेरीला दिसावे. त्या खोलीत कोणी येत नाही, मग 'प्रतिसाद नाही' असा अहवाल जातो, आणि खोलीत जुने दफ्तर ठेवतात.

त्यापेक्षा जागा मुख्यालयाबाहेर असावी. समुपदेशक पोलिसांच्या श्रेणीबाहेरचा असावा. त्याची टिपणे सेवापुस्तकाला कधीही जोडली जाऊ नयेत. आणि पहिली भेट अधीक्षकांनी स्वतः घ्यावी. साहेब आत गेले हे कळले की शिपायाची लाज निम्मी होईल.

परंतु विचारपुशीने सर्व काही साधेल असेही समजू नये. जो मनुष्य तीस तास जागा आहे त्याला समुपदेशकाची नव्हे, अंथरुणाची गरज असते. हीच गोष्ट योगासने, ध्यान व नामस्मरण यांच्या शिबिरांची. धार्मिक मंडळींचा ओढा तिकडे असणे स्वाभाविक आहे, आणि ज्याला त्यात शांती लाभते त्याने ते अवश्य करावे. मात्र रात्रपाळी करून आलेल्या शिपायांना पहाटे पाचला मैदानावर बसवून डोळे मिटावयास सांगितले, तर त्यांना समाधी लागल्यासारखी दिसेल, पण ती समाधी नसेल! २०१६ च्या मे महिन्यात मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. योजना एका शिपायानेच मांडली होती आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढच्या वर्षारंभी ती शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आली. सणवार आणि निवडणुकांत अशी पाळी टिकविणे सोपे नाही, आणि रिकाम्या जागा भरल्यावाचून ती सर्वत्र होणे नाही. पण शिपायाने मांडलेली गोष्ट आयुक्तांनी ऐकली, हेही एका अर्थी मनःस्वास्थ्याचेच काम झाले.

आता मठ-मंदिरे आणि त्यांभोवतीचा समाज यांनी काय करावे, याविषयी. उत्सवाची सभा भरते तेव्हा मंडप, रोषणाई, वाद्ये आणि महाप्रसाद यांची तरतूद होते. त्याच सभेत बंदोबस्तावरच्या लोकांसाठी सावली, बसावयास बाके, पिण्याचे पाणी आणि स्त्री-पोलिसांसाठी स्वच्छ, कुलूप लागणारे प्रसाधनगृह यांचीही तरतूद व्हावी. पालखीनंतर त्यांना पाळीपाळीने पंगतीत बसवावे. उरलेला प्रसाद पिशवीत घालून हाती देणे निराळे. एक बाब पोलिसांच्या हाती आहे व एक आयोजकांच्या: गर्दी किती येणार याचा खरा अंदाज आधी देणे आयोजकांच्या हाती आहे, आणि तो दडविल्याने पुढे ज्यांना देह उचलावे लागतात ते हेच लोक.

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती रात्रंदिवस चालते, तिला पैसे पडत नाहीत, आणि मराठीसह वीस भाषांत बोलता येते. हा क्रमांक मठाच्या पंचांगावर, दिनदर्शिकेवर व पोलीस वसाहतीतील देवळाच्या भिंतीवर छापता येईल. तेथे तो शिपायाच्या आधी त्याच्या पत्नीच्या दृष्टीस पडेल, आणि बदल प्रथम तिलाच जाणवलेला असतो.

एक गोष्ट मात्र स्थानिक पातळीवरच होऊ शकते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २००० साली पोलिसांसाठी दूरध्वनी-सेवा निघाली. तिच्यावर निवृत्त पोलीस बसतात. साहेबाला जे सांगवत नाही आणि डॉक्टरला जे समजणार नाही असे वाटते, ते एका जुन्या हवालदाराला सांगता येते. पंचनामा म्हणजे काय हे त्याला समजावून द्यावे लागत नाही. बेळगावपासून बडोद्यापर्यंत प्रत्येक गावी असे निवृत्त हवालदार, जमादार, फौजदार संध्याकाळी सभामंडपात येऊन बसतात. त्यांच्यापैकी पाचसहांना जवळच्या मानसोपचार रुग्णालयाकडून थोडे शिक्षण मिळवून द्यावे: न टोकता ऐकणे, मरणाचा विचार आहे काय ते स्पष्ट विचारणे, धोका दिसताच त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे नेणे, आणि ऐकलेले कोणालाही न सांगणे. यांतील शेवटची अट सर्वांत कठीण आहे, विशेषतः सभामंडपात. म्हणून माणसे निवडताना बोलक्यांना वगळावे. त्यांना बसण्यासाठी धर्मशाळेची एक मागच्या दाराची खोली, एक दूरध्वनी आणि रात्रीच्या पाळीचे वेळापत्रक एवढी सामग्री पुरे. पहिले वेळापत्रक लावताना मध्यरात्र ते पहाट ही वेळ आधी भरावी. ज्यांच्यासाठी हे सारे करावयाचे त्यांची पाळी त्याच सुमारास सुटते.